घरच्या संगणकाची हार्ड डिस्क बदलताना: आधी कॉपी, मग खरेदी

संगणक सुरू केला की विंडोजची चकती तीन-चार मिनिटं फिरत राहते. टास्क मॅनेजर उघडावा तर डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटलेला, आणि वाचनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबीच्या पुढे जात नाही. एखादं ठरावीक फोल्डर उघडलं की सगळा संगणकच गोठतो. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की रॅम वाढवून किंवा फॉरमॅट मारून काही साधत नाही. हार्ड डिस्क जायला आली आहे, आणि ती पुरती जायच्या आत काय काय करायचं याचा क्रम ठरलेला आहे. नवी डिस्क विकत घेणं त्या क्रमात बरंच खाली येतं.

इंदिरानगरच्या घरचा हा संगणक २०१४ सालचा. एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा आय३, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि १ टीबीची एकच हार्ड डिस्क. नाशिकमध्ये घरोघरी या वयाची यंत्रं अजून चालू आहेत, कारण बँकेचं काम, मुलांचे प्रोजेक्ट, सातबाऱ्याच्या प्रती आणि फोटो यांना त्यापेक्षा जास्त काही लागत नाही. पण डिस्क एकच असल्यामुळे विंडोजही तिच्यावर आणि २०१५च्या सिंहस्थातले रामकुंडावरचे फोटोही तिच्यावरच. फोटो दुसरीकडे कुठेही नाहीत.

सुरुवात डिस्कच्या तब्येतीपासून. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम डिस्कने स्वतःच नोंदवलेली स्मार्ट माहिती दाखवतो. वरच्या निळ्या, पिवळ्या किंवा लाल चौकोनावर सगळे विसंबतात, पण खरी माहिती खालच्या तक्त्यात असते. त्यातल्या चारच ओळी बघायच्या: ०५, सी५, सी६ आणि सी७. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे कायमचे बाजूला काढून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहिती साठवायचा छोटा कप्पा). सी५ म्हणजे सध्या वाचता न येणारे, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासणी केली तेव्हाही दुरुस्त न झालेले. सी७चा मात्र डिस्कच्या आत फिरणाऱ्या चकत्यांशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वायरीत माहिती बिघडली की तो आकडा चढतो. फक्त सी७ वाढलेला असेल तर आधी नवी साटा वायर लावायची आणि आकडा आणखी वाढतो का ते बघायचं. चढलेला आकडा कधी उतरत नाही, म्हणून वाढ थांबली की वायरीचा दोष होता असं समजायचं. अशा वेळी चांगली डिस्क फेकून दिली जाते, हे टाळण्यासारखं आहे.

या तक्त्यात एक फसगत होते. शेवटच्या रकान्यातले आकडे हा प्रोग्राम मुळात षोडशमान, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या, पद्धतीत दाखवतो. आमच्या डिस्कवर ०५च्या पुढे १एफ८ होतं, म्हणजे दशमान पद्धतीत ५०४ सेक्टर. सी५च्या पुढे ३० होतं, ते प्रत्यक्षात ४८. फंक्शन मेनूतल्या अ‍ॅडव्हान्स्ड फीचरमध्ये रॉ व्हॅल्यूज दशमानात दाखवायची सोय आहे, ती आधी लावून घ्यावी. दुसरी गोष्ट: सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोटींच्या घरातले आकडे दिसतात आणि लोक घाबरतात. त्या आकड्यात चुकांच्या जोडीला एकूण वाचनांची मोजणीही मिसळलेली असते, त्यामुळे एकट्या त्या आकड्यावरून काही ठरवू नये. ०५चा आकडा पाच-दहावर येऊन महिनोन्‌महिने स्थिर असेल तर डिस्क आणखी बरीच चालू शकते. पण ०५ वाढतो आहे आणि सी५ शून्य नाही, अशा डिस्कवर नवं काहीही लिहायचं नाही. संगणक गोठतो तो याच ४८ सेक्टरांपायी: घरगुती डिस्क एकेका न वाचता येणाऱ्या सेक्टरवर कित्येक सेकंद पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तोवर विंडोज ताटकळत बसतं.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची कमांड) चालवायची नाही, डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करायचं नाही, ‘एकदा फॉरमॅट मारून बघू’ तर अजिबात नाही. आर स्विच (कमांडला जोडायचा पर्याय) लावलेली चेकडिस्क सगळी डिस्क वाचून काढते आणि फाइलींच्या नोंदींत बदलही करते. मरायला टेकलेल्या डिस्कवर हे दोन्ही घातक. जी थोडी वाचनं तिच्यात शिल्लक आहेत ती फक्त कॉपीसाठी वापरायची. आणि आतून लयीत टक् टक् असा आवाज येत असेल तर कॉपीसुद्धा नाही, ताबडतोब बंद. वाचणारी शिरं (हेड) निकामी झालेली असताना चालू ठेवलेली डिस्क स्वतःच्याच चकत्या खरवडते. तिथून पुढचं काम डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचं, आणि त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट असतो. डिस्क फ्रिजमध्ये ठेवून बघायचा सल्ला अजूनही कुणी ना कुणी देतं. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, तो सल्ला ऐकू नये.

आमच्या डिस्कचा आवाज ठीक होता, म्हणून कॉपी घरीच. बाहेरची यूएसबी डिस्क मागच्या बाजूच्या निळ्या पोर्टात लावायची. निळं म्हणजे यूएसबी ३. काळ्या यूएसबी २ पोर्टातून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे भरलेल्या १ टीबीला आठ तास. निळ्यातून डिस्कच्या पूर्ण वेगाने, धरून चाला १२० एमबी, तर सव्वादोन-अडीच तास. हा हिशोब निरोगी डिस्कचा. खराब सेक्टर लागले की वेळेचा अंदाज करूच नये.

क्रम असा की जे परत मिळणार नाही ते पहिलं. फोटो, व्हिडिओ, घरचे कागद, मग बाकीचं. सिनेमे शेवटी. एक्सप्लोररमधून ओढून टाकण्यापेक्षा विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपीची कमांड बरी, फक्त तिला दोन स्विच द्यायला विसरू नये. काही सांगितलं नाही तर ती एकेका अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, आणि दर वेळी मध्ये ३० सेकंद थांबते. आर म्हणजे किती प्रयत्न आणि डब्ल्यू म्हणजे मधली थांबायची वेळ. दोन्ही १ वर ठेवायची. मग अडलेली फाइल सोडून ती पुढे जाते आणि सोडलेल्यांची यादी लॉगमध्ये मिळते. त्या यादीसाठी नंतर वेगळा प्रयत्न करता येतो.

सी५चा आकडा शेकड्यांत असेल तर विंडोजमधून कॉपी करण्यापेक्षा लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून डीडीरेस्क्यू हे कॉपीचं साधन वापरावं. ते आधी डिस्कचा सहज वाचता येणारा सगळा भाग उचलतं, अवघड तुकडे बाजूला ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. कुठवर आलं याची नोंद ते एका मॅपफाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. ती मॅपफाइल द्यायला चुकू नये. यात एकच मोठा धोका आहे: कुठून आणि कुठे ही दोन नावं उलटी पडली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते. साइजवरून ओळखायचं नाही, डिस्कच्या लेबलवरचा सीरियल नंबर पडद्यावरच्या नंबराशी ताडून बघायचा.

फायली घेताना मराठी घरात हमखास राहून जाते ती फाँटांची गोष्ट. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं, आजोबांनी टाइप करून घेतलेलं लिखाण, हे सगळं श्रीलिपी, आयएसएम किंवा तशाच जुन्या फाँटांत असतं. ते युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत, नाही. नव्या विंडोजवर फाइल उघडते, पण पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फक्त तो फाँट नसतो. म्हणून जुन्या विंडोजमधलं फाँट्सचं पूर्ण फोल्डर कॉपी करून ठेवायचं. डीव्ही-टीटी सुरेख, डीव्ही-टीटी योगेश, शिवाजी अशी नावं त्यात सापडतील. नंतर जो लागेल तो बसवता येतो. घरातून हिशोबाचं काम चालत असेल तर टॅलीच्या डेटा फोल्डरबरोबर लायसन्सही आठवावं, डिस्क काढण्याआधीच ते टॅलीतून सरेंडर करायचं, म्हणजे या संगणकावरून सोडवून घ्यायचं. आउटलुकच्या पीएसटी (साठवलेल्या मेलच्या) फायली, डेस्कटॉपवर पडलेले कागद आणि ब्राउझरमधले पासवर्ड यांचंही तसंच. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यायची.

कॉपी झाली की मग खरेदीचा विचार. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘वन टीबी देऊ का टू टीबी?’ त्याच्या आधी स्वतःलाच दोन प्रश्न विचारावे लागतात: बोर्डाला काय लागतं, आणि डिस्कवर नेमकं काय राहणार आहे.

बोर्डाचं आधी. एच८१वर साटाची (डिस्कची वायर लावायची) चार पोर्टं असतात, त्यातली दोन ६ गिगाबिट वेगाची आणि दोन ३ची. त्याहून जुन्या एच६१च्या चिपसेटमध्ये सगळीच ३ची. एम.२ची खाच (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डात बसवायची जागा; एसएसडी म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क) या काळातल्या बहुतेक घरगुती बोर्डांवर नसते, आणि कार्ड लावून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) बसवली तरी बायोस (संगणक सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) तिच्यावरून विंडोज सुरू करेल याची खात्री नाही. म्हणून इथे अडीच इंची साटा एसएसडी हेच उत्तर. नवा बोर्ड असेल तर मॅन्युअल उघडून एम.२ची खाच साटाची आहे, एनव्हीएमईची आहे की दोन्हीची हे बघायचं. बाहेरून दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. काही बोर्डांवर एम.२ भरली की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

विंडोज आता हार्ड डिस्कवर ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या शिराखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. त्यात शीर हलवण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवा. सेकंदाला अशी जेमतेम ७५-८० वाचनं होतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली विखुरलेल्या जागांवरून मागतं. साधीतली साधी एसएसडी अशी हजारो वाचनं सेकंदात देते. दहा वर्षं जुन्या आय३ला एवढा एकच बदल पुरतो. ३ गिगाबिटच्या पोर्टावर लावली तरी फरक डोळ्यांना दिसतो, कारण फायदा या बारीक वाचनांत आहे, कमाल वेगात नाही.

एसएसडी ५०० जीबीची घेतली. डब्यावरचा टीबीडब्ल्यूचा आकडा, म्हणजे आयुष्यात किती टेराबाइट लिहिता येतील ती वॉरंटीची मर्यादा, घरगुती वापरात घाबरण्यासारखा नसतो. ५०० जीबीच्या क्रुशियल बीएक्स५००ला १२० टीबीडब्ल्यू आणि तीन वर्षं, डब्ल्यूडी ब्लू एसए५१०ला २०० आणि पाच वर्षं, सॅमसंग ८७० ईव्हीओला ३०० आणि पाच वर्षं. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला साडेसात टीबीच्या आतच होतं. म्हणजे १२०लाही सोळा वर्षं लागतील. त्यामुळे आकड्यापेक्षा वॉरंटीची वर्षं आणि कंपनी बघावी. अनोळखी नावाची स्वस्त एसएसडी घेऊ नये. आणि मोबाइलच्या किमतीत ‘१६ टीबी’ची बाहेरची एसएसडी ऑनलाइन दिसली तर ती नक्की खोटी. आत लहानशी चिप असते आणि ती भरली की पुढचं लिहिणं आधीच्या फायलींवर चढत जातं.

साठवणीसाठी दुसरी, साडेतीन इंची हार्ड डिस्क. बाजारात सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे आणि दुकानात तो कुणी समजावून सांगत नाही. डिस्कवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये प्रत्येक ट्रॅक, म्हणजे चकतीवरची माहितीची गोल रेघ, सुटा असतो. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच चकतीवर जास्त माहिती बसते. पण मधला एक ट्रॅक बदलायचा झाला की त्याच्यावर चढलेले पुढचे सगळेही पुन्हा लिहावे लागतात. हे लपवण्यासाठी डिस्क नवी माहिती आधी एका राखीव पट्ट्यात घेते आणि रिकाम्या वेळात जागेवर लावते. तो पट्टा भरला की लिहिण्याचा वेग एकदम पडतो, कधी सेकंदाला दहा-वीस एमबीवर येतो. ग्राहकाला वाटतं नवीच डिस्क खराब निघाली.

डब्यावर हे लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबरावरून ओळखावं लागतं. १ टीबीत सीगेट बॅराकुडा एसटी१०००डीएम०१० आणि डब्ल्यूडी ब्लू डब्ल्यूडी१०ईझेडईएक्स या दोन्ही सीएमआर. २ टीबीत मात्र बॅराकुडा एसटी२०००डीएम००८ एसएमआर, डब्ल्यूडी ब्लूच्या डब्ल्यूडी२०ईझेडएझेड आणि डब्ल्यूडी२०ईझेडबीएक्स याही एसएमआर. खूण म्हणून सांगायचं तर २ टीबीच्या या डिस्कांवर कॅशे (डिस्कमधली तात्पुरती मेमरी) २५६ एमबीचा असतो आणि त्या १ टीबीच्या दोन्हींवर ६४चा. कॅशे मोठा म्हणजे डिस्क चांगली असं इथे नाही. फोटो एकदा टाकले आणि वर्षानुवर्षं फक्त बघितले, असा वापर असेल तर एसएमआर चालते आणि पैसे वाचतात. त्याच डिस्कवर विंडोज, रोजचं व्हिडिओ एडिटिंग किंवा आरएआयडी (अनेक डिस्का एकत्र जोडून वापरणं) असेल तर घेऊ नये. २ टीबीच हवी आणि सीएमआरच हवी तर सीगेटची आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडी रेड प्लस मागायची. ‘प्लस’ शब्दावर जोर द्यायचा, कारण २ ते ६ टीबीतल्या नुसत्या रेड एसएमआर आहेत. हे न सांगता विकल्यावरून २०२०मध्ये मोठा वाद झाला होता. कॅमेऱ्यांसाठीच्या स्कायहॉक किंवा पर्पल डिस्क दुकानात कायम हाताशी असतात आणि ‘हीच न्या’ म्हणून पुढे केल्या जातात. त्या चोवीस तास सलग लिहिण्यासाठी बनवलेल्या. साठवणीला चालतील, विंडोजला नाही.

आम्ही २ टीबीची आयर्नवुल्फ घेतली. फोटोंची एवढी एकच जागा घरात असताना एसएमआरमध्ये वाचणारे पैसे मला महत्त्वाचे वाटले नाहीत.

नाशिकमध्ये ही खरेदी एम. जी. रोडला किंवा कॅनडा कॉर्नरच्या बाजूला होते. ‘भाऊ, सीलपॅक ना? आणि बिल नंबरसकट पाहिजे,’ असं आधीच स्पष्ट बोलावं. बिलावर डिस्कचा सीरियल नंबर आणि १८ टक्के जीएसटी दोन्ही हवेत. बिलाशिवाय स्वस्त पडते ती डिस्क पुष्कळदा जुन्या सर्व्हरमधून किंवा कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमधून काढलेली असते, आणि तिच्यावर दुकानाची सहा महिन्यांची तोंडी वॉरंटी मिळते. ओळखायची खूण: स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या कडा, साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक रेघा. दुकानात उभ्या उभ्याच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची शेवटची तारीख बघायची. भारतातली वॉरंटी दिसत नसेल तर डिस्क परत काउंटरवर. दुकानदाराला त्याचा राग येत नाही, चांगला दुकानदार स्वतः बघून देतो. त्याच फेरीत कडी असलेली साटा वायर, अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात बसवायची पट्टी आणि बारीक स्क्रूंची पुडी घ्यावी. वायर डब्यात येत नाही. एसएमपीएसला (संगणकाला वीज देणाऱ्या डब्याला) साटाची पॉवर पिन कमी पडत असेल तर जुन्या चार पिनी मोलेक्सवरून अ‍ॅडॅप्टर मिळतो, पण ज्याच्या टोकाचं प्लॅस्टिक ओतीव आणि वायरी आत गाडलेल्या असतात तो घेऊ नये. आतल्या वायरी एकमेकींना टेकून त्या प्रकाराला आग लागते. ज्याच्या वायरी एकेक दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्यावा.

बसवण्याचं काम तासाभराचं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलं की विंडोज पूर्ण बंद होतं, फास्ट स्टार्टअपची अर्धी झोप राहत नाही. वायर भिंतीतून काढायची, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबायचं म्हणजे उरलेला विद्युतभार जातो. कॅबिनेट गॅलरीत नेऊन धूळ ब्रशने झटकायची, पंखे बोटाने धरून. उघडलेल्या कॅबिनेटचा एक फोटो काढून ठेवावा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की अंगातली स्थिर वीज जाते, आणि मगच डिस्कची चंदेरी पिशवी फोडायची. कॅबिनेटच्या दोन्ही बाजू उघडाव्या लागतात, कारण साडेतीन इंची डिस्कला दोन्हीकडून दोन-दोन स्क्रू लागतात. एकाच बाजूचे दोन लावून सोडलेली डिस्क थरथरते.

स्क्रूंचे दोन प्रकार आहेत. साडेतीन इंची डिस्कचे ६-३२, जाड आट्यांचे. अडीच इंची एसएसडीचे एम३, बारीक आट्यांचे. जाड स्क्रू एसएसडीत दाबून फिरवला की मऊ आटे सोलले जातात आणि पुन्हा काहीच बसत नाही. दोन-तीन फेऱ्या बोटांनी फिरला पाहिजे, मगच पेचकस. साटाची टोकं एल आकाराची असतात, सरळ ढकलायची, तिरकी नाही. एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टात लावायची. बोर्डावर पोर्टाशेजारी साटा ६जी किंवा साटा ३ असं छापलेलं असतं. हा ३ गिगाबिटचा नव्हे, तिसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे ६ गिगाबिटचा. हार्ड डिस्क दुसऱ्या खणात, मध्ये एक खण मोकळा सोडून. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि कॅबिनेट लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर डिस्क ५० अंशांपुढे जाते. ४५च्या आत राहावी म्हणून कप्प्याची मागची फळी काढून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

विंडोज टाकताना मात्र फक्त एसएसडीच जोडलेली हवी. हार्ड डिस्कची वायर काढून ठेवायची, जुनी डिस्क तर नाहीच. दोन डिस्का दिसल्या की सेटअप कधी कधी सुरुवातीचा बूट विभाग दुसऱ्याच डिस्कवर टाकतं, आणि वर्षभराने ती काढली की संगणक सुरू होत नाही. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आणि बूट (संगणक सुरू होण्याची पद्धत) यूईएफआय, हे दोन पर्याय आधीच निवडायचे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून सेटअप, कस्टम, रिकामी जागा निवडून नेक्स्ट. विभाग ते स्वतः पाडतं. प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे नाही’ निवडून पुढे जायचं. आधी सक्रिय असलेल्या विंडोज १०चा डिजिटल परवाना बोर्डाशी बांधलेला असतो, इंटरनेट मिळालं की तो लागतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर ११च्या अधिकृत यादीत नाही. म्हणून अशा यंत्रावर एक तर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी, नाहीतर लिनक्स मिंट टाकावं.

सगळं स्थिर झाल्यावर हार्ड डिस्क जोडायची. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट विचारतं एमबीआर की जीपीटी (डिस्कचे विभाग नोंदवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती), जीपीटी निवडायचं. एमबीआरची मर्यादा २.२ टीबी, पुढे मोठी डिस्क आली की अडचण. २ टीबीच्या डिस्कवर १८६३च्या आसपास जीबी दिसतात, त्यात चोरी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. पहिल्या वेळी क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावं. चार तास लागतात, पण चकतीचा प्रत्येक सेक्टर तपासला जातो. ते झाल्यावर पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो: ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य हवेत, चालू राहिल्याचे तास बोटांवर मोजण्याइतके. यातलं एक जरी शून्य नसेल तर डिस्क दुकानात, बदलून मिळायची मुदत संपायच्या आत. हे सगळं यूपीएसवर. पावसाळ्याच्या तोंडावर वादळाने वीज जाते-येते, आणि लिहिता लिहिता बंद पडणं नव्या डिस्कलाही सोसत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो, त्याची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते.

नव्या डिस्कला जुनंच डी हे अक्षर द्यायचं. डीव्हीडीने ते घेतलं असेल तर तिला दुसरं द्यावं. टॅली, स्कॅनर, वर्डमधल्या जुन्या लिंका सगळ्या डी शोधत येतात. मग पिक्चर्स आणि डॉक्युमेंट्सवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, आणि दोन्ही डीवर हलवायचे. एसएसडीला डीफ्रॅग लागत नाही, विंडोज तिला स्वतःच ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली ते सांगणारी सूचना) पाठवतं. १५-२० टक्के जागा मोकळी ठेवली की झालं. ज्या यूएसबी डिस्कवर पहिली कॉपी केली ती पुसून दुसऱ्या कामाला लावू नये. तीच आता बॅकअप. महिन्यातून एकदा जोडून नवं भरायचं आणि काढून कपाटात ठेवायची. कायम जोडलेली राहिली तर विजेचा एक झटका किंवा एक रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) दोन्ही प्रती घेऊन जातो.

जुनी डिस्क महिनाभर तारखेची चिठ्ठी लावून जपायची, कारण राहिलेली फाइल तेवढ्यात आठवते. नंतर ती तशीच भंगारात देऊ नये. खराब सेक्टर असलेली डिस्क सॉफ्टवेअरने पूर्ण पुसली जात नाही, बाजूला काढलेल्या सेक्टरांत जुनी माहिती राहूनच जाते. सहसा टी८ टॉर्क्स पेचकसने झाकण उघडतं, एक-दोन स्क्रू लेबलाखाली लपलेले असतात. साडेतीन इंचीतल्या चकत्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या, वाकवून खरवडल्या की काम झालं. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये काचेच्या असतात आणि त्या फुटून उडतात, तिथे जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांना चश्मा लावूनच हातोडी. डिस्क वॉरंटीत असेल तर मात्र उघडायची नाही. तशीच सर्व्हिस सेंटरला जमा करावी लागते आणि ती परत मिळत नाही, म्हणून खाजगी कागद असलेली डिस्क वॉरंटीत द्यायची की नाही हे आधी ठरवावं. बदली मिळते ती बऱ्याचदा दुरुस्त केलेली असते आणि तिला वॉरंटी मूळ डिस्कची उरलेली तेवढीच.